अण्णांची वही : स्मरणपुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

9 जून 2024, रविवार

अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जाऊन येत्या डिसेंबरात वर्ष होईल. त्या दिवशी वाटायला एक छोटी पुस्तिका काढायची असं काल सगळ्यांनी मिळून ठरवलं, आणि "तुला वेळ आहे" एवढ्या एका वाक्यावर ते काम माझ्या गळ्यात पडलं. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या सुनेला वेळच वेळ असतो अशी आमच्या घरात समजूत आहे. असो. नोंदी लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोण काय म्हणालं होतं यावर वाद नको.

ठरलेलं : डेमी आकार, 96 पानं, म्हणजे सोळा पानी सहा फॉर्म. मध्ये आठ पानं फोटोंची, आर्ट पेपरवर. प्रती 300. खर्च तिघा भावंडांत सारखा. संपादन माझं. शेवटचा शब्द मोठ्या दीरांचा, हे दीरांनीच ठरवलं.

चरित्राचा तपशील नवऱ्याकडून उतरवून घेतला. जन्म 1932, वाईजवळच्या एका खेड्यात. मॅट्रिकनंतर पुण्यात. 1954 साली माध्यमिक शाळेत लागले. विषय गणित, आणि कुणी नसेल तेव्हा भूगोल. लग्न 1959. दोन मुलगे, मधली मुलगी. 1990 मध्ये अठ्ठावन्न पूर्ण झाली, त्याच शाळेतून निवृत्त. आई 2011 मध्ये गेल्या. अण्णा एक्क्याण्णव वर्षं जगले, शेवटचे दोन महिने सोडले तर स्वतःच्या पायावर.

हे सगळं अर्ध्या पानात बसतं. प्रश्न उरलेल्या साडेपंच्याण्णव पानांचा आहे.

16 जून

सहकारनगरच्या घरातलं अण्णांचं कपाट उघडलं. नवरा शिडीवर, मी खाली यादी करत.

वरच्या खणात सहस्रचंद्रदर्शनाचा अल्बम आणि शाली, ज्या त्यांनी कधी पांघरल्या नाहीत. मधल्यात पासबुकं, बी.टी. या शिक्षकी पदवीचं प्रमाणपत्र, लाकडी कर्कटक, फळ्यावरचा मोठा कोनमापक (हा शाळेचा आहे की काय, कुणाला माहीत). खालच्या खणात डांबराच्या गोळ्यांच्या वासात लाल कापडी बांधणीच्या उभ्या वह्या. जमाखर्चाच्या. 1955 पासून 2023 पर्यंत, वर्षाला एक. मधल्या चार-पाच गायब, बहुधा घर बदलताना. दोन-तीन वह्यांना कसर लागली आहे.

डायरी अण्णांनी कधी लिहिली नाही. मात्र प्रत्येक पानावर जमा, खर्च यांच्या उजवीकडे त्यांनी स्वतः पट्टीने एक रकाना आखलाय आणि त्याला 'शेरा' असं नाव दिलंय, प्रगतिपुस्तकात असतो तसा. बहुतेक दिवस तो कोरा आहे. अधूनमधून चार शब्द : 'पाऊस. छत्री दुरुस्त.' 'थोरला पडला, टाके 3.' 'इन्स्पेक्शन. बरे झाले.'

मी तिथेच फरशीवर बसले आणि 1959 ची वही संध्याकाळपर्यंत वाचत राहिले. हिशेबाची वही दिसली की ताळा जमतो का ते पाहायची माझी नोकरीतली खोड. जमतो. एका महिन्यात दोन आणे कमी पडत होते, तिथे शेऱ्यात लिहिलंय, 'पडले असावेत'.

29 जून, शनिवार

माजी विद्यार्थी, शेजारी, नातेवाईक यांच्याकडून आलेल्या आठवणींचा पहिला गठ्ठा वाचला. आदर्श शिक्षक. शिस्तप्रिय पण मृदू. बाहेरून फणसासारखे. साधी राहणी, उच्च विचारसरणी. एका लेखात 'ज्ञानाचा अखंड नंदादीप' दोनदा आला आहे. नाव बदललं तर यातला कुठलाही लेख कुठल्याही मास्तरांच्या पुस्तिकेत खपेल.

ग्रुपवर नियम टाकला : विशेषण नको, प्रसंग द्या. कुठला वर्ग, कुठलं साल, सर काय म्हणाले, तुम्ही काय केलंत. दहा ओळी पुरे.

दोघांना राग आला. एकांनी लेख परत मागितला. दिला.

उद्या पालख्या शहरात येणार, रस्ते बंद. डीटीपीवाल्याकडे आता बुधवारीच.

7 जुलै

नियम लागू पडला. आज आलेल्यांपैकी दोन ठेवण्याजोग्या.

एक, 1971 च्या तुकडीतल्या बाईंची. सर वही तपासताना चुकलेलं गणित काट मारून मोडत नसत. जिथे पहिली चूक झाली ती एकच ओळ लाल शाईने अधोरेखित करायचे आणि वही परत द्यायचे. पुढचं सगळं चुकीचंच असणार, पण त्याला हात लावायचा नाही. बाई लिहितात, 'ती ओळ सापडली की उरलेलं माझं मी दुरुस्त करत असे. पुढे मी स्वतः शिक्षिका झाले, तेव्हा हे करून पाहिलं. फार वेळ लागतो. साठ वह्या असल्या की काट मारणं सोपं.'

दुसरी एका हार्डवेअरच्या दुकानदारांची. आठवीत असताना सरांनी वर्ग पर्वतीवर नेला. पायऱ्या 103. प्रत्येकाने आपल्याला आवडेल त्या दहा पायऱ्यांची उंची पट्टीने मोजायची, सरासरी काढायची, 103 ने गुणायचं. सगळ्यांची उत्तरं वेगवेगळी आली. कुणाचं बरोबर, असं पोरांनी विचारलं, तर सर म्हणाले, "आता या सगळ्या उत्तरांची सरासरी काढा, आणि मग भेळ." भेळेचे पैसे कुणी दिले ते त्यांना आठवत नाही. वहीत मिळतं का ते पाहायला हवं.

25 जुलै, गुरुवार

आज काम करायचं नव्हतं, पण झालं. रात्रभर पाऊस. खडकवासल्यातून विसर्ग वाढवला, सिंहगड रस्त्याला एकता नगरीत घरांतून पाणी, भिडे पूल पाण्याखाली. माझी बँकेतली मैत्रीण तिथेच राहते. ती आणि तिच्या सासूबाई वरच्या मजल्यावरच्यांकडे गेल्या आहेत, फोन लागला. दिवसभर टीव्ही लावून बसण्यापेक्षा 1961 ची वही काढली.

12 जुलै 1961, बुधवार. पानशेत धरण अजून पूर्ण व्हायचं होतं. सकाळी ते फुटलं, पाठोपाठ 1879 सालचं खडकवासलाही गेलं, आणि दुपारी नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. लकडी पुलावरून पाणी गेलं. अण्णा, आई आणि एक वर्षाचे मोठे दीर तेव्हा शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या अंगाला एका वाड्यात दोन खोल्यांत राहायचे. हे सगळं ऐकून माहीत होतं. वहीत काय आहे ते आज पाहिलं.

11 तारखेपर्यंत नेहमीचं : दूध, भाजी, वाण्याचे 4 रु. 12 न. पै. (नवे पैसे). बारा तारखेला काही नाही. तारीखसुद्धा नाही. तेरालाही नाही. पानाचा खालचा तीन बोटं भाग मातकट पिवळा, तिथली शाई पसरलेली. वही फडताळाच्या वरच्या फळीवर होती म्हणून वाचली म्हणतात, तरी पाणी तिथवर आलंच. 14 तारखेपासून पुन्हा अक्षर, पण शाई वेगळी, दौत कुणाची तरी मागून आणलेली असावी : 'कंदिलाची काच. मेणबत्त्या 6. घागर 1. पातळ 1 (सौ.).' त्यानंतर रोज मेणबत्त्या. शहरात वीज नव्हती. नळाला पाणी नव्हतं. शेऱ्याच्या रकान्यात महिनाभरात एकच ओळ आहे : 'हजेरीपट नव्याने.'

याचा अर्थ लागेना म्हणून अण्णांच्या एका सहकाऱ्यांना फोन केला. वय अठ्ठ्याऐंशी, आवाज खणखणीत. ते म्हणाले, "कार्यालय तळमजल्यावर. रजिस्टरांचा लगदा झाला होता. शाळा पुन्हा भरली तेव्हा कुठल्या वर्गात कोण, याचा कागदच नाही. आम्ही सगळे बसलो आणि आठवून लिहायला लागलो. तुमच्या सासऱ्यांनी सहावी 'ब' एक नंबरापासून अडतीसपर्यंत म्हणून दाखवली. मी लिहून घेतली. दोन नावांपाशी थांबले. ती मुलं आली नव्हती."

पुढे आली का, हे विचारायचं मला सुचलं, पण त्यांनी तेवढ्यात "तुमच्याकडे पाऊस कसाय?" म्हणून विषय बदलला. पुन्हा नाही विचारलं.

हा फोन पुस्तिकेत त्यांच्याच शब्दांत जाईल. वहीच्या पानाचा फोटो शेजारी.

11 ऑगस्ट

तांत्रिक. वह्यांची पानं 300 डीपीआयला, फोटो 600 ला. जाड वह्या स्कॅनरवर दाबल्या तर शिवण उसवते. त्या खिडकीपाशी ठेवून मोबाइलवर घेतल्या. सेलोटेप लावलेली पानं तशीच ठेवली, काढायला गेलं की अक्षरं टेपबरोबर येतात.

जुन्या सहकाऱ्यांपैकी एकांनी लेख संगणकावर टंकून पाठवला, तो श्री-लिपी या जुन्या फॉन्टमध्ये. माझ्याकडे नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली. डीटीपीवाल्या मुलाने युनिकोडमध्ये करून दिला, पण रफार जिथे तिथे सरकले आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्या' यांतले अर्धे र खाली पडले. सगळं हाताने नीट करतेय.

सुट्या कागदांचं साल ठरवायला दोन खुणा सापडल्या. कागदावर 'न. पै.' असेल तर तो 1957 ते 64 मधला, कारण पुढे नुसता पैसा झाला. आणि 'नांव', 'कांहीं' असे डोक्यावर टिंब असलेले शब्द असतील तर बहुधा 1962 च्या आधीचा. शुद्धलेखनाचे नियम बदलले तसं अण्णांनी लिहिणं बदललं. आईंनी नाही बदललं. त्यांच्या अक्षरातल्या याद्यांत 2010 पर्यंत 'कांदे' आणि 'कांही' दोघांनाही टिंब आहे.

एप्रिल 1957 चं पान तर पूर्णपान छापणार आहे. एक तारखेला आण्यांच्या जागी नव्या पैशांची नाणी आली. समासात अण्णांनी कोष्टक काढलंय : 1 आणा 6, 2 आणे 12, 3 आणे 19, 4 आणे 25. आणि खाली पोरांसाठी प्रश्न : 'आण्याला एक पेन्सिल. तीन पेन्सिली एकदम घेतल्या तर 19 न. पै., एकेक करून घेतल्या तर 18. दुकानदाराने काय करावे? गिऱ्हाइकाने काय करावे?' उत्तर लिहिलेलं नाही. पंचवीस वर्षांचा मास्तर. पावकी, निमकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून मोठा झालेला, आणि ते सगळं आता मुलांच्या उपयोगाचं नाही हे वर्गात उभं राहून सांगायचं. पाठोपाठ शेर आणि मणही गेले. तक्रारीचा एक शब्द नाही वहीत. नातवंडांना मात्र दिडकी-अडीचकी पाठ करायला लावली, गरज नसताना.

5 सप्टेंबर

शिक्षक दिन, म्हणून ग्रुपवर सकाळपासून फुलं. त्यात एक खासगी मेसेज वेगळा. 1968 साली नववीत असलेले एक गृहस्थ लिहितात : सरांनी त्यांना फळ्यापाशी बोलावलं, पायथागोरसच्या सिद्धांताची सिद्धता अडली, तर सगळ्या वर्गासमोर थोबाडीत मारली. 'त्यानंतर मी गणिताच्या तासाला मान वर केली नाही. पुढे कला शाखेला गेलो. आता राग नाही. पण तुम्ही प्रसंग मागितलेत, माझ्याकडे हा एकच आहे.'

नाव छापू नका अशी विनंती. ताईंना, म्हणजे नणंदेला, वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "मलाही मारायचे पाढ्यांवरून. छाप." दीरांना अजून दाखवलेलं नाही.

1968 च्या वहीत पाहिलं. शेऱ्यात तसलं काही नाही.

22 सप्टेंबर

आज जे समोर आलं त्यावरून घरात वाजणार आहे.

1962 सालचं एक पूर्ण महिन्याचं पान नमुना म्हणून छापायचं होतं. मार्च निवडला. तोवर ते सदाशिव पेठेत आले होते. पान असं :

जमा : पगार 156. शिकवणी 4 × 15 = 60. एकूण 216.
खर्च : भाडे 22. मनीऑर्डर गावी 40. पतपेढी हप्ता (अक्काचे लग्न) 35. वाणी 58. दूध 24. एकूण 179. बाकी किरकोळ पुढील पानी.

शिकवणी. आणि ती त्या महिन्यापुरती नाही. 1956 पासून 1983 पर्यंत, सुट्टीचे महिने सोडले तर दर महिन्याला तो आकडा जमेत आहे. मुलांची आद्याक्षरं, समोर रक्कम.

आता घरातली आणि गावातली ठाम समजूत अशी, की अण्णांनी आयुष्यात शिकवणीचा पैसा घेतला नाही. सहस्रचंद्रदर्शनाच्या वेळी पाहुण्यांनी ते माइकवरून सांगितलं होतं, टाळ्या पडल्या होत्या. आलेल्या आठवणींपैकी पाच जणांनी तेच लिहिलंय. घरात गरीब मुलं येऊन फुकट शिकायची हे खरंच आहे. आम्ही पाहिलंय, पण ते निवृत्तीनंतरचं.

नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "लहानपणी मुलं यायची एवढं आठवतं. पैसे देत होती का, ते कोण बघतंय?"

मी बँकेतली बाई, मला एवढंच दिसतं : 60 काढले तर त्या महिन्यात 23 रुपयांची तूट आहे, तीही किरकोळ खर्च धरायच्या आधी. मग गावची मनीऑर्डर थांबते, नाहीतर अक्काच्या लग्नाचा हप्ता. दोन बहिणींची लग्नं, म्हाताऱ्या आईची औषधं, तीन मुलांची शिक्षणं या रकान्यावर झाली आहेत. दिवसभर सहा तास शिकवून आल्यावर संध्याकाळी पुन्हा दोन तास. यात लपवण्यासारखं काय आहे, ते मला कळत नाही.

2 ऑक्टोबर, सर्वपित्री

जेवणं झाल्यावर विषय काढला. चुकीचा दिवस निवडलास असं ताई नंतर म्हणाल्या, पण सगळे एकत्र दुसऱ्या कुठल्या दिवशी सापडतात?

दीर म्हणाले, पान काढून टाक. दुसरा महिना घे. मे घे, मेमध्ये शिकवणी नसते. मी म्हटलं, मेमध्ये तूट आहे, ती दिसेल. मग म्हणाले, लोक अण्णांना ज्यासाठी मानतात तेच खोटं ठरवायचं का, आणि तेही घरच्यांनी? मी म्हटलं, लोक मानतात ते अण्णांनी कधी सांगितलं नव्हतं.

मग दीर एकदम वेगळंच बोलले. "मला शिकवण्या माहीत होत्या. बाहेरच्या खोलीत ती पोरं बसायची आणि मी बारावीचा अभ्यास गॅलरीत करायचो, संपाच्या वर्षी. त्या पोरांचा मला इतका राग यायचा." संप म्हणजे 1977-78 चा, राज्य कर्मचारी आणि शिक्षकांचा, चोपन्न दिवस चाललेला. मी आत जाऊन ती वही आणली. जानेवारी 1978 : पगाराच्या रकान्यात रेघ. शिकवणी 5 × 25 = 125. वाणी, उधार. आणि खर्चात : 'थोरल्याची बारावी फी'. रक्कम शाईत, खाली दोनदा अधोरेखित.

दीरांनी पान पाहिलं, वही मिटली आणि चष्मा पुसत बसले. हो नाही, नाही नाही. निर्णय लांबणीवर. नवरा म्हणाला, सुपारी कुणाला हवी?

14 ऑक्टोबर

छपाईवाल्याकडे जाऊन आले. दिवाळी अंकांची घाई, पाऊल ठेवायला जागा नाही. दिवाळीनंतर या म्हणाले. 70 जीएसएम मॅपलिथो कागद पक्का. 300 प्रती म्हणजे डिजिटल आणि ऑफसेट यांच्या नेमकी काठावरची संख्या. त्यांनी ऑफसेट सुचवलं. सेंटर पिन नको, पाठीला चिकटवून बांधणी, म्हणजे कण्यावर नाव येतं.

रात्री ताईंचा फोन. 2005 नंतरच्या वह्या त्या घरी घेऊन गेल्या होत्या. 2019 चा एक शेरा वाचून दाखवला. त्या वर्षी दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'तेवीस'च्या जोडीला 'वीस तीन' आलं आणि केवढं रान उठलं होतं. सोसायटीतले लोक अण्णांकडे आले होते, निवेदनावर सही करा म्हणून. अण्णांनी केली नाही एवढं मला आठवत होतं. शेरा : 'मुले 23 ऐवजी 32 लिहितात. छत्तीस वर्षे तपासले आहे. सही दिली नाही. चहा दिला.'

आणि मग ताई म्हणाल्या, "आता खाली बस आणि ऐक. 2013, सहस्रचंद्रदर्शनाचा दिवस. खर्चात केटरर, हार, गुरुजी, रिक्षा. शेरा : 'भाषणात शिकवणीबाबत चुकीचे सांगितले गेले. दुरुस्त करावयास हवे होते. गर्दी होती.'"

मी त्यांना फोटो पाठवायला सांगितला. फोटो आला. अक्षर थोडं कापरं आहे, पण वाचता येतं.

तो फोटो मी दीरांना पाठवला, खाली एक अक्षर न लिहिता. निळ्या टिकल्या लगेच आल्या.

4 नोव्हेंबर

दिवाळी झाली. दीरांनी भाऊबिजेला ताईंकडे सांगितलं : मार्च 1962 चं पान जाऊ दे, 2013 चा शेरा त्याच्यासमोरच्या पानावर घे, आणि वर-खाली कुणी काही भाष्य करायचं नाही. विशेषतः तू, हे माझ्याकडे बघून. मान्य. ज्या पाच जणांनी 'शिकवणीचा पैसा घेतला नाही' लिहिलं होतं त्यांना दोन्ही पानं पाठवून विचारलं. तिघांनी वाक्य काढलं, एकांनी 'आमच्याकडून' हा शब्द घातला, पाचव्यांचा फोन बंद आहे. त्यांचा लेख चांगला आहे, पण वाक्य राहणार असेल तर लेख नाही.

थोबाडीत मारल्याची आठवण दीरांनी वाचली. म्हणाले, छाप, पण पर्वतीच्या शेजारी नको. शेवटी टाकली.

छपाईवाल्याकडे आता निवडणुकीचं काम. वीसला मतदान, तोवर पत्रकं, कार्यअहवाल, स्लिपा. आमची पुस्तिका त्याच्या टेबलावर तळाशी.

दरम्यान एक पान भरायचं राहिलं होतं, त्याला चांगला मजकूर मिळाला. आई गेल्यावर अण्णा एकोणऐंशीव्या वर्षी स्वयंपाक शिकले. आमच्याकडे येऊन राहा म्हटलं तर 'रविवारी येतो' म्हणायचे. 2011 च्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर पाककृती आहेत, सगळ्या गुणोत्तरात. 'खिचडी : तांदूळ 1, मूगडाळ ½, पाणी 4½. दोघांसाठी सर्व × 2.' त्याखाली 'पोहे : प्रमाण अद्याप निश्चित नाही.' वर्षभराने वेगळ्या शाईत : 'पोहे भिजवू नयेत, धुवावेत.' मी त्यांच्याकडे जायचे तेव्हा पोहे केलेले असायचे आणि मला वाटायचं शेजारच्या काकूंनी दिले.

20 नोव्हेंबर

मतदान. भाची शिक्षिका, तिला केंद्रावर ड्यूटी. काल सकाळपासून बाहेर. अण्णांच्या वहीतही निवडणुका आणि जनगणना येतात, 1961 च्या मार्चमध्ये 'शिरगणती, वहाणेचा अंगठा तुटला' असा शेरा आहे. तिला पाठवला. रात्री उशिरा तिचं उत्तर : 'मामी, माझ्याही चपलेचं तेच.'

29 नोव्हेंबर

शेवटचं प्रूफ. दीर, ताई, नवरा, मी, चौघांनी एकेक फॉर्म वाटून घेऊन वाचला, मग उरलेले दोन मी. कव्हरवर फोटो कुठला यावर तासभर. ताईंना शाल घातलेला हवा होता. शेवटी शाळेच्या पायऱ्यांवरचा, 1970 च्या आसपासचा घेतला, ज्यात अण्णांचा डोळा अर्धा मिटलाय आणि मागे एक मुलगा जांभई देतोय.

पर्वतीच्या भेळेचे पैसे वहीत सापडले नाहीत. तो सहलीचा दिवस शेऱ्यात आहे, खर्चात नाही. शाळेने दिले असतील किंवा पोरांनी वर्गणी काढली असेल.

छापायला सोडलं.

15 डिसेंबर, रविवार

प्रती परवा आल्या. दोन फॉर्मांचा काळेपणा जरा कमी-जास्त आहे, बाकी ठीक. सहकारनगरमधल्या एका छोट्या हॉलमध्ये सकाळी कार्यक्रम. भाषणं नकोत असं ठरलं होतं, तरी तीन झाली. दीरांनी आभार मानताना मार्च 1962 चं पान वाचून दाखवलं, जमा-खर्चासकट, आकडे न चुकता. मला वाटलं नव्हतं ते हे करतील.

चहाच्या वेळी एक गृहस्थ काठी टेकत माझ्यापाशी आले. वय पंचाहत्तरच्या पुढे. तेच पान उघडून त्यांनी '4 × 15' वर बोट ठेवलं. "यातला एक मी."

मी म्हटलं, सर रागवायचे का?

"रागवत नव्हते. पण पाच तारीख उलटली की वडिलांना चिठ्ठी यायची. अन् हिशेब असा, की मला एकदा गोवर आला, दहा दिवस गेलो नाही. वडिलांनी पंधरा रुपये पाठवले तर सरांनी पाच परत केले. वडील म्हणाले, अहो राहू द्या. तर म्हणाले, तीस दिवसांचे पंधरा, वीस दिवसांचे दहा." आणि हसत हसत त्यांना ठसकाच लागला. पाणी आणून दिलं.

हे सहा महिन्यांपूर्वी का नाही लिहून पाठवलंत, म्हटलं. तर म्हणाले, "तुमचा तो नियम आला ना ग्रुपवर, मला वाटलं गोवर कुठे छापतात."

संध्याकाळी घरी आल्यावर 1963 ची वही काढली. फेब्रुवारी. 15, 15, 15, 10. शेरा : 'गोवर'.

फोटो काढून ग्रुपवर टाकलाय. ताईंचं म्हणणं पुरवणी काढावी. नवरा म्हणतो, आधी छपाईवाल्याचे उरलेले पैसे दे.